तळ्यामागची वाट

नगर नियोजन मंडळात हरकतींची सुनावणी चालू होती. केरबा शेलारांनी मनगटावर बांधायचे दोन पट्टे टेबलावर ठेवले. एक त्यांचा होता, दुसरा त्यांच्या बायकोचा, हिराबाईंचा.

“काका, शहरातलं प्रत्येक पाऊल हे पट्टे मोजतात,” अधिकारी तन्वी आगवणे म्हणाल्या. “एखाद्या वाटेवर रोज दोन माणसं चालली नाहीत, तर ती आराखड्यातून वगळतात आणि तिथं इमारत होते. तळ्यामागच्या वाटेवर दोन माणसं दिसतात खरी, पण दोघांची पावलं एकाच क्षणी पडतात. माणसं अशी चालत नाहीत.”

“दुसरा पट्टा माझ्या खिशात असतो,” केरबा म्हणाले. “ती श्रावणात गेली. तिची वाट आहे ती. तिथं इमारत बांधू नका.”

“आधी तुम्ही जायचात त्यांच्यासोबत?”

“नाही. ती म्हणायची, चला. मी म्हणायचो, गुडघे तुझे बरे आहेत, तू जा.”

तन्वीताईंनी जुनी फाइल उघडली. “ही वाट तीन वर्षांपूर्वीच जाणार होती. तेव्हाही एक हरकत आली, म्हणून मंडळाने तीन वर्षांची मुदत दिली.” त्यांनी वाचून दाखवलं, “‘सध्या मी एकटीच चालते. पण उद्यापासून आमचे हे सोबत येणार आहेत. वाट ठेवावी. हिराबाई केरबा शेलार.’”

केरबांनी कागद हातात घेतला.

“मुदत कधी संपते?” त्यांनी विचारलं.

“आज, काका.”