पार्सलने आलेली अंडी

कुरिअरवाल्याने खोकं कल्याणीच्या हातात ठेवलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यातून बलक गळत होता.

“अंडी काय अशी पार्सलने मागवतात?” ओसरीवरून सासरे हसले. “कर आता गावाला आम्लेट.”

तिने खोकं उघडलं. सासरी आल्यापासून हट्टाने केलेली तिची ही पहिलीच खरेदी होती, काळ्या कडकनाथ कोंबडीची उबवायची अंडी. तिने भुशातून एकेक काढून पाहिलं. चारच धड निघाली. प्रवासात हादरलेल्या अंड्यांना विसावा लागतो, म्हणून तिने ती दिवसभर निमुळतं टोक खाली करून तांदळात ठेवली आणि मग खुडूक बसलेल्या कोंबडीखाली सरकवली.

“काय सूनबाई, आम्लेट शिजलं का?” सासरे रोज विचारायचे. तीही हसायची आणि खुराड्यात डोकावून यायची.

तीन आठवड्यांनी ती बाजारातून परतली, तर सासरे खुराड्यापुढे उकिडवे बसलेले.

“चपला काढ, हळू ये,” ते कुजबुजले. “एक बाहेर आलंय. काळंभोर आहे. दुसरं आतून चोच मारतंय.”

“आणि बाकीची दोन? वाया गेली वाटतं.”

सासरे चिडलेच. “थांब की जरा! एवढ्या लांबून आलीत बिचारी, दमली असतील.”