सभा लांबवण्याबाबत

शेवटी तडजोड झाली आणि देशाची घटना ठरली. हे वाक्य वाचकाने लगेच विसरावं. मिंगोनेही तेच केलं. १७८७ सालच्या ऑगस्टातल्या त्या बुधवारी सकाळी साहेबांच्या तोंडून त्याने ते ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं धरून दाढीचा फेस पुन्हा पहिल्यापासून घोटायला घेतला.

पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की परगावच्या मालकाने सोबत आणलेला गुलाम इथे सलग सहा महिने राहिला, तर सुटला. एक दिवस कमी पडला, तर नाही. साहेब दक्षिण कॅरोलायनातल्या भाताच्या मळ्यांचे धनी. घटनासभेसाठी ते मेच्या मध्यावर फिलाडेल्फियात उतरले, ते मिंगोला घेऊन. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. देश लवकर उभा राहावा म्हणून सगळं शहर प्रार्थना करत होतं. तो जरा सावकाश उठावा म्हणून दोघंच करत होती: मिंगो, आणि बिऱ्हाडाच्या मागच्या अंगणात कपडे धुणारी डॉर्कस. ती स्वतंत्र होती. हा कायदा तिनेच त्याला सांगितला, आणि सांगून झाल्यावर आपल्या खोलीत दुसरी खुंटी ठोकली.

नुसत्या प्रार्थनेवर दोघं थांबली नव्हती. डॉर्कस साहेबांच्या गळपट्ट्याला इतकी खळ द्यायची, की त्यांना उत्तरेकडच्या सभासदांकडे मान वळवता येत नसे. मिंगो त्यांच्या मानेवरच्या केसांच्या वेणीची फीत अशी आवळायचा, की ते कपाळ ताणूनच सभेत शिरत आणि कशालाही नाही म्हणत. जुलैत सभा फुटायची वेळ आली, तेव्हा दोघांनी दिवसभर एकमेकांकडे बघायचंही टाळलं. हसू आलं असतं.

सभेतलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी सभासदांना शपथ होती. साहेब ती कसोशीने पाळत. मिंगोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हतं. त्यांनी गाल फुगवून सगळं सांगितलं. बोस्टनवाल्यांना जहाजांचे कायदे आपल्या मनासारखे हवे होते, घ्या म्हटलं. आपल्याला आफ्रिकेतून माणसं आणायला मुदत हवी होती. त्यांनीही घ्या म्हटलं. पळालेल्याला मालकाकडे परत द्यायचं, तेही आज होऊन जाईल, कुणी हूं की चूं करणार नाही. शिवाय कागदात गुलाम हा शब्द कुठेही येऊ दिलेला नाही, फक्त ‘माणसं’ म्हटलंय. मिंगोने आभार मानले.

“मुदत किती मिळाली, साहेब?”

“वीस वर्षं. मागितली नि मिळाली.”

मिंगोला अडीच महिने हवे होते. वस्तरा गळ्यापाशी होता. तो सवयीने हनुवटीकडे गेला. साहेब म्हणाले, सप्टेंबर सरायच्या आत घरी पोचू, कापणी सापडेल.

खाली अंगणात डॉर्कस इस्त्री करत होती. त्याचा चेहरा बघून तिने इस्त्री बाजूला ठेवली. त्याने सांगितलं. पळायची वाटही आजच बंद होणार, हेही सांगितलं. तिने त्याचा हात ओढून घेतला आणि बोटांवरचा वाळलेला फेस कमरेच्या ओल्या फडक्याने एकेक बोट धरून पुसला. पुसून झाल्यावरही सोडला नाही.

“एवढी शिकलेली पन्नासेक माणसं,” ती म्हणाली. “नोव्हेंबरपर्यंत भांडता येईना यांना? आमच्या गल्लीत वाळत घालायच्या एका दोरीवरनं तीन वर्षं चाललंय.”

“त्यात कुणी तडजोड नाही केली?”

“कुणाची टाप आहे.”

तो हसला. मग त्याला हसता येईना. ती क्वेकर पंथीयांच्या शाळेत लिहायला शिकली होती. धुण्याच्या यादीचा कागद तिने उलटा केला, तो वाऱ्याने उडू नये म्हणून मिंगोने कोपऱ्यावर अंगठा ठेवला, आणि काय लिहू, असं तिने विचारलं. त्याने बराच विचार केला. मग तो सांगत गेला, ती लिहीत गेली:

‘माननीय सभेस सविनय विनंती की, राष्ट्राध्यक्षांच्या कोटाला बटणे किती असावीत, हा मुद्दा घटनेत राहून गेला आहे. तरी उत्तरेच्या व दक्षिणेच्या सर्व सन्माननीय सभासदांनी कोणतीही घाई न करता त्यावर सविस्तर भांडावे, आणि निर्णय नोव्हेंबरच्या पंधरा तारखेनंतर कळवावा.’