बहिणीचा शिक्का

ट्रक खिंडीत थांबला तसे इलारियाचे दोन्ही हात घागऱ्याच्या दोन खिशांत गेले. उजव्या खिशात मेलेल्या बहिणीची ओळखपुस्तिका, मत दिल्याच्या शिक्क्यासकट. डाव्या खिशात तिची स्वतःची, कोरी.

"पुस्तिका काढा! उतरा सगळे!"

तोंडाला फडकी बांधलेले, अंगावर पोंचोची लोकरी पांघरुणं घेतलेले पाच जण रस्ता अडवून उभे होते.

आमच्याकडे निवडणूक आली की इकडे आड, तिकडे विहीर. डोंगरातले बंडखोर बजावून जातात, शिक्का दिसला तर मान राहणार नाही. खाली पुलावरचे सैनिक म्हणतात, शिक्का नाही म्हणजे तू त्यांचाच. मत कुणाला दिलं, हे मेलं कुणीच विचारत नाही. म्हणून इलारियाने बहिणीला, बासिलियाला, पुरलं, पण तिची पुस्तिका पुरली नाही. फोटोत दोघी बहिणी सारख्याच दिसायच्या. त्याच वेण्या, तोच रडका चेहरा.

खाली अयाकुचो शहरातल्या इस्पितळात लेक बाळंत झाली होती. तीन दिवस तापाने फणफणत होती आणि जवळ आपलं म्हणून कुणी नव्हतं. इलारियाला आज पोचायचंच होतं.

"कोण गं हे?" शेजारच्या फोर्तुनाताने कुजबुजत विचारलं. म्हातारीला सत्तरी उलटलेली, तिला मताची सक्तीच नाही. सुटली बाई!

"डोंगरातलेच. पोंचो दिसत नाहीत का?"

"फेर्मिनलाही पोंचोच दिसले होते."

फेर्मिन तिचा चुलतभाऊ. गेल्या महिन्यात सैनिक असेच पोंचो पांघरून उभे राहिले होते. फेर्मिनने फुशारकीने आपली कोरी पुस्तिका दाखवली, वर त्यांना 'सोबती' म्हणाला. तो काही परत आला नाही. तेव्हापासून गावात एकच बोलणं. तोंडं बघू नका, पाय बघा. डोंगरातल्यांच्या पायात आपल्यासारख्याच टायरच्या चपला असतात.

ती उतरली आणि मान खाली घालून रांगेत उभी राहिली. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. रांग पुढे सरकत होती आणि तिला अजून ठरवता येत नव्हतं.

मग चिखलात तिला पुस्तिका तपासणाऱ्याचे पाय दिसले. काळे बूट. जाड तळाचे, सरकारी. त्या माणसाला ते मोठे होत होते, चालताना फटफट वाजत होते. सरकार कुठे माप बघून देतं!

इलारियाचा जीव भांड्यात पडला. डावा हात तिने रिकामाच बाहेर काढला. उजव्याने बहिणीची पुस्तिका पुढे केली.

"घ्या साहेब. शिक्का आहे, नीट बघा."

पानं उलटणारा हात थांबला.

"साहेब?" फडक्याआड तो हसला. मग त्याने एक पाय उचलून चिखल झटकला. "बरे आहेत ना गं आई, बूट? काल पुलावरून आणले. जरा मोठे होतात, एवढंच."