अठरा फुटांचं नाव

प्राणिसंग्रहालय हे नाव कोंडल्यासारखं वाटतं, असं कमिटीचं म्हणणं पडलं. महिनाभर काथ्याकूट करून त्यांनी नवं नाव काढलं: 'मुक्तविहार वन्यजीव निवास'.

पेंटरने अठरा फुटांची पाटी रंगवली. अक्षरं अशी टपोरी उतरली की तो स्वतःवरच खूश झाला. पण रंग ओला आणि बाहेर नुसती धूळ.

"साहेब, ही वाळत कुठे ठेवू?"

"वाघाच्या पिंजऱ्यात ठेव की. वर छप्पर आहे. गेल्या महिन्यात म्हातारा गेल्यापासून रिकामाच पडलाय."

वाघाचं खाणंपिणं बघणारे काका किल्ली घेऊन आले. दोघांनी पाटी कडेने धरून आत सरकवली. पुढे पेंटरच्या पाठीला पलीकडचे गज लागले, तरी मागे 'निवास' दाराबाहेरच! तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली. छताला अडली.

"मापातच घोळ झाला वाटतं माझा," पेंटर घाम पुसत म्हणाला. "मावतच नाही हो, काका."

काकांनी बाहेरचं टोक तसंच धरून ठेवलं होतं.

"वाघ मावला," ते म्हणाले. "सोळा वर्षं."