चुकांची वही

क्वोक हात धुवायला म्हणून उठला आणि वही टेबलावरच राहिली.

शेजारी बसलेल्या सूच्या ते लगेच लक्षात आलं. सू कोळंबी भरलेला उकडलेला घास तोंडात घालण्याआधी काडीने फोडून बघणारा माणूस. आत कोळंबी आहे का, आणि असली तर किती. पत्ते वाटणाऱ्या मुलीवर त्याचा संशय, छतातल्या कॅमेऱ्यांवर संशय, आणि सकाळपासून हसत हसत हरणाऱ्या समोरच्या तैवानी पाहुण्यावर तर फारच.

क्वोकवर मात्र त्याने कधी संशय घेतला नव्हता. फेरीबोटीवरून निवृत्त झालेला हा मेकॅनिक आठ वर्षं रोज सकाळी त्याच्याबरोबर चहा पीत होता. चहा झाला की दोघं मकावच्या या कसिनोत यायचे आणि पोकरच्या टेबलाला शेजारी शेजारी बसायचे. क्वोक मोठा डाव हरला की त्या निळ्या वहीत पेन्सिलीने काहीतरी खरडायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "फी भरली ना? मग धडा लिहून नको घ्यायला?" सगळे हसायचे.

या उन्हाळ्यापासून मात्र तो जिंकायला लागला होता आणि सू हरायला. आज सूने बायकोला शब्द दिला होता की समोरच्या एवढ्या चिप्स, पैशांच्या या चकत्या, संपल्या की खेळ बंद, उद्यापासून जावयाच्या सुक्या मासळीच्या दुकानात बसायचं. बोंबलांच्या वासात उरलेलं आयुष्य काढायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने वही मधूनच उघडली.

'शेवटचा पत्ता उघडल्यावर समोरच्याने सगळ्या चिप्स लावल्या की मी घाबरतो. हातात चांगले पत्ते असले तरी टाकून देतो. आज चौथ्यांदा.'

मुद्दाम तर ठेवली नसेल? सूच्या मनात आलं. गळ असेल. पण त्याच पानावर खाली लिहिलं होतं, 'मेलिंगचं वर्षश्राद्ध होतं. खेळत बसलो. गेलो नाही.' मेलिंग म्हणजे क्वोकची बायको. गळाला कुणी असलं आमिष लावत नाही. सूला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं, पण क्षणभरच. त्याने वही मिटली आणि पेन्सिल होती तशीच तिरकी ठेवली.

क्वोक आला. वही पाहून त्याने जीभ चावली, शेवटचं पान उघडलं, एक ओळ लिहिली आणि वही खिशात घातली. सू तिरक्या डोळ्यांनी बघत होता. काय लिहिलं असेल?

पुढच्या डावात सूला सत्ती-दुर्री आली. एरवी त्याने हे पत्ते हातात धरलेही नसते, आज मुद्दाम धरून ठेवले. बाकीचे एकेक करून बाहेर पडले आणि डाव दोघांतच उरला. टेबलावर पाचवा, शेवटचा पत्ता उघडला. सूच्या हाताला काहीच लागलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

"सगळं!"

क्वोकने कान खाजवला, आपल्या पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले. सू मनातल्या मनात म्हणत होता, टाक, टाक.

"मी बघतो," क्वोक म्हणाला आणि तेवढ्याच चिप्स पुढे सारल्या.

सूने पत्ते उताणे केले. तैवानी पाहुणा फिसकन हसला. क्वोककडे नुसती नव्व्यांची जोडी होती, पण तेवढी पुरली. पत्ते वाटणाऱ्या मुलीने ढीग त्याच्याकडे सरकवला.

"मुद्दाम ठेवलीस!" सू ताडकन उठला. त्याचा आवाज फाटला होता. "वही उघड्यावर टाकून गेलास, मला गळाला लावायला! आठ वर्षं माझ्याबरोबर चहा पितोस आणि..."

"वहीचा इथे काय संबंध?" क्वोकने विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. "तू वाचलीस?"

टेबलावरचे सगळे आपापल्या चिप्सकडे बघायला लागले.

"घाबरतो म्हणून लिहिलंय ते पान ना?" क्वोक हळू आवाजात म्हणाला. "वर महिना लिहिलाय, म्हाताऱ्या. मार्च. आता नोव्हेंबर चाललाय. कोळंब्या मोजतोस आणि महिना नाही पाहिलास? त्या चुका मी पुन्हा करायला लिहून ठेवत नाही."

"थापा नको मारू. मग मघाशी आल्या आल्या काय लिहिलंस? दाखव! सगळ्यांसमोर दाखव!"

क्वोक जरा घुटमळला. "राहू दे."

"बघा! दाखवत नाही!"

तेव्हा क्वोकने खिशातून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि सूच्या पुढ्यात ठेवली. पेन्सिलीची अक्षरं गिचमिड होती, पण लागत होती.

'वही टेबलावर विसरलो. शेजारी म्हातारा सू होता. काळजी नाही.'

सूने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

क्वोकने वही आपल्याकडे ओढून घेतली, पेन्सिल घेतली आणि शेवटचे दोन शब्द खोडले.