मनगटाची दोरी

जालना जवळ आलं की प्रत्येक इंजिनड्रायव्हर घरच्यांसाठी आपापली शिट्टी वाजवायचा. नवऱ्याची, रखमाजीची, ऐकून द्वारकाबाईनं तवा टाकला. भाकरी झाल्या, पण दारात आला पोर्टर महेमूद. “वहिनी, बदली ड्रायव्हर तापानं पडलाय. सायबानं रखमाजीलाच फुडं धाडलं.” “रातभर ड्यूटी करून आलेत ते. आरामाचा कायदा हाय ना?” तिकडं गाडी सुटलीसुद्धा. द्वारकाबाई भाकरी घेऊन फाटकाशी पोचली, तोवर शेवटचा डबा गेलेला. झोप अनावर झाल्यावर रखमाजी शिट्टीची दोरी मनगटाला बांधायचा. डुलकीनं हात निसटला की शिट्टीच त्याला उठवायची. पुढं नुसती कपाशीची शेतं, ना स्टेशन, ना फाटक. तरी शिट्टी वाजली. परत वाजली. दरवेळी तिच्या काळजात चर्र झालं. मग शिट्टी वाजेना; तो जागा आहे की दोरीच सुटली, कळेना, तेव्हा ती वाजावी म्हणून द्वारकाबाई कान लावून उभी राहिली.