वाचणारा धरून की सोडून

पाच टेस्ट हिरव्या झाल्या आणि सहावीपाशी झुनिल्डाचा हात थांबला.

तसं अवघड काही नव्हतं. नगरपालिकेच्या संकेतस्थळावरची स्पॅनिश पानं इथल्या लोकांच्या ग्वारानी भाषेत आणायची होती आणि त्यासाठी तिने एक छोटासा टॅग लिहिला होता. पानाच्या साच्यात जिथे 'नोसोत्रोस', म्हणजे 'आपण' किंवा 'आम्ही', असेल तिथे तो टाकायचा, की त्या जागी ग्वारानी शब्द छापून येई. टेस्ट म्हणजे तरी काय, दोन ओळींचा लुटुपुटीचा साचा करायचा, त्यात टॅग घालायचा आणि छापून आलेलं हवं तेच आहे का ते पाहायचं; असलं तर हिरवं, नसलं तर लाल. पुढच्या शब्दात नाकातला उच्चार आला की 'न्यांदे' या ग्वारानी शब्दाचं 'न्याने' होतं, तेही तपासून झालं होतं. सहाव्या टेस्टमध्ये खऱ्या पानावरचं पहिलंच वाक्य होतं: नदीकाठची वस्ती डिसेंबरपर्यंत हलवायची, असं 'नोसोत्रोस'नी ठरवलं आहे.

'हवं ते' या जागी काय लिहायचं, हेच तिला कळेना.

स्पॅनिशचं बरं असतं, एका शब्दात भागतं. ग्वारानीचं आपल्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर न्यांदे, म्हणजे आपण. त्याला सोडून बोलायचं तर ओरे, म्हणजे आम्ही. मधे लपायला जागा नाही.

"न्यांदे टाक की," शेजारून डेर्लिस म्हणाला. तो गटाचा प्रमुख, पण त्याची ग्वारानी फुटबॉलच्या मैदानावरच्या शिव्यांपुरती. त्याने तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार चहाचा, प्याला तिच्यापुढे धरला. "गोड वाटतं. बारा वाजता पान चढवायचंय, झुनी."

"गोड वाटतं रे, पण खरं आहे का?"

"टेस्टला काय करायचंय खऱ्याखोट्याशी?"

"टॅग काय, सांगशील ते छापेल. पण अमुकच छापायला हवं, हे मला लिहून द्यावं लागतं."

तिने प्याला रिकामा करून मुकाट्याने परत दिला. तेरेरेचा एकच प्याला सगळ्यांत फिरतो; परत देताना 'ग्रासियास', म्हणजे 'आभार', म्हटलं की 'मला पुरे' असा अर्थ, माणूस फेरीतून बाहेर. आणि तिला अजून हवा होता. सहा वर्षांत एकाही टेस्टने तिला असं कोड्यात टाकलं नव्हतं. तिला मजाच वाटायला लागली. तिने सरळ नगरपालिकेतल्या ओवेलारबाईंना फोन लावला. मजकूर त्यांचाच होता.

"बाई, यातले 'नोसोत्रोस' म्हणजे कोण कोण?"

"कोण म्हणजे? नोसोत्रोस!"

"वाचणारा धरून की सोडून?"

मग बाई म्हणाल्या, "समितीत आम्ही पाच जण होतो."

"वस्तीतलं कुणी?"

"अहो, त्यांना कळवायलाच तर हे पान आहे! हे बघा, ऐकायला बरा वाटेल तो शब्द घाला. एवढ्याशा शब्दाने काय कुणाचं घर पडतंय?"

घरं दोनशे दहा होती. 'न्यांदे' छापलं, की त्या सगळ्यांनी आपणहून होकार दिला असं ठरणार. उद्या कुणी तक्रार घेऊन गेलं तर हेच पान त्याच्यापुढे धरतील. त्यातलं एक घर झुनिल्डाच्या आईचं होतं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसजवळ खोली घेईपर्यंत झुनिल्डाही तिथेच राहत होती.

पावणेबारा झाले होते. तिने आईला फोन केला.

"आई, न्यांदे वस्ती सोडायची, हे कुणी ठरवलं गं?"

"चार दिवस कानावर येतंय खरं," आई म्हणाली. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. "ओरे नाही बाई ठरवलं. ओरेला विचारतंय कोण?" मग म्हणाली, "का गं? तुम्ही ठरवलंत का?"

झुनिल्डाने न्यांदे म्हणून विचारलं होतं आणि आईने ओरे म्हणून उत्तर दिलं होतं. आणि ग्वारानीत एकट्या माणसाला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही; आईने तिला नगरपालिकेच्या माणसांत धरलं होतं.

"नाही, आई. सहज विचारलं."

फोन ठेवून तिने रिकाम्या जागी 'ओरे' लिहिलं. टेस्ट लाल झाली, कारण टॅग अजून 'न्यांदे'च छापत होता. मग तिने टॅग त्याप्रमाणे दुरुस्त केला आणि टेस्ट पुन्हा चालवली.

डेर्लिस वाकून बघत होता. "ओवेलारबाई खवळतील हं."

"त्यांना ग्वारानी येत नाही. ज्यांना वाचायचंय त्यांना येतं."

सहावी हिरवी झाली.

"पास! आपण जिंकलो, झुनी!" डेर्लिसने तिच्या पाठीवर थाप मारली आणि प्याला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.

झुनिल्डाने तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओढला. मग परत देताना ती म्हणाली, "ग्रासियास."

"एवढ्यात?" डेर्लिस म्हणाला. "आत्ता तर फेरी सुरू झालीय."